'इव्हॉल्व्ह'ला सगळीकडे 'उत्क्रांत होणे' चालेल का?

मजकूरवाली

नमस्कार मंडळी. एका विज्ञानविषयक पुस्तिकेचं भाषांतर हातात आहे. मूळ इंग्रजी, प्रकरणागणिक लेखक वेगळा, विषय 'बदल': जीवसृष्टी, तारे, रसायनं, भाषा, कायदा, सगळ्यांवर एकेक प्रकरण. आणि झाडून सगळ्या लेखकांना 'इव्हॉल्व्ह' या शब्दाचा भारी सोस. संपादकांचा दंडक असा की एका इंग्रजी शब्दाला अखेरपर्यंत एकच मराठी शब्द. परिभाषेत एकवाक्यता हवी हे मलाही पटतं. पण दंडक पाळला की काय होतं ते बघा:

"समितीने हळूहळू एक कार्यपद्धती उत्क्रांत केली."
"जस्तावर विरल आम्ल ओतल्यास हायड्रोजन उत्क्रांत होतो."
"परिस्थिती अजून उत्क्रांत होत आहे."
"या विषयावरचे तिचे विचार उत्क्रांत झाले."

शेवटच्या वाक्यात ती बाई आधी झाडावर राहत होती की काय असं वाटतं.

प्रश्न दोन. इंग्रजीत या सगळ्या जागी अर्थ खरंच एक आहे, की नुसता शब्द एक आहे? आणि 'विकसित होणे' घालून मोकळं व्हावं का? कृपया 'कोश बघा' सांगू नका, बघून झालेत. तिथे 'उत्क्रांत होणे, विकसित होणे, उलगडणे, बाहेर पडणे' असे शब्द स्वल्पविराम देऊन रांगेत उभे केलेत. कुठल्या जागी कुठला, हे सांगायला कोणी तयार नाही.

बायोवाल्या_बाई

जीवशास्त्राच्या प्रकरणापुरतं मी सांगते, कारण तिथे सूट नाही. तिथे 'उत्क्रांती'च आणि 'उत्क्रांत होणे'च लिहा. विकास, प्रगती, सुधारणा यातलं काहीही नको.

कारण असं की जीवशास्त्रात एकटा जीव उत्क्रांत होत नाही. समूह होतो, तोही पिढ्यांमधून. इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते नेमकं चुकीचं सांगितलं जातं. मँचेस्टरमध्ये १८४८ साली या पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. गिरण्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळवंडली, त्यांवर बसलेले फिके पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, काळे सुटू लागले. ते शतक संपेपर्यंत तिथे बहुतेक सगळे काळेच उरले होते. पुढे हवा स्वच्छ झाली तसे फिके पुन्हा वाढले. आता यात कुठल्याही पतंगाने रंग बदललेला नाही! फिका जन्मला तो फिकाच मेला. बदललं ते प्रमाण. मुलं मात्र उत्तरपत्रिकेत "पतंग काळा झाला" असं लिहितात आणि इंग्रजीतून शिकणारी "द मॉथ इव्हॉल्व्ह्ड" लिहून तेच म्हणतात.

दुसरी गोष्ट दिशेची. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या टेट्रा माशाला डोळे नाहीत. त्याच जातीचे उजेडातल्या नद्यांमधले मासे डोळस आहेत. गुहेतल्या माशाच्या भ्रूणात डोळा धरायला सुरुवात होते आणि मग तो झडतो. पट्टकृमीला तर अन्ननलिकाच नाही, तो अंगानेच अन्न शोषतो. हेही इव्हॉल्व्ह होणंच आहे. "विकसित होऊन माशाचे डोळे गेले" असं लिहून बघा, म्हणजे 'विकसित' इथे का चालत नाही ते कळेल.

जाता जाता: पोकेमॉनमध्ये एकच प्राणी लख्ख उजेड पडून दुसरा होतो आणि त्याला 'इव्हॉल्व्ह झाला' म्हणतात. ते रूपांतरण आहे, सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं. तो खेळ आला १९९६ साली आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक वर्गाला मी हे समजावत आले आहे. त्या पिकाचूने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही पाठ्यपुस्तकाने केलं नसेल.

मजकूरवाली

बाई, धन्यवाद, हे थेट कामाला येईल. पण मग ताऱ्यांच्या प्रकरणाचं काय? तिथे 'स्टेलर इव्हॉल्यूशन' आहे आणि ते एकाच ताऱ्याबद्दल आहे. सूर्य आज साधारण ४६० कोटी वर्षांचा, अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होणार, मग श्वेत बटू. पिढ्या नाहीत, निवड नाही. तुमच्या हिशोबाने हा पोकेमॉनच झाला.

बायोवाल्या_बाई

झालाच! खगोलवाले आमचं ऐकत नाहीत. त्यांचा शब्द तोच राहणार, मराठीतही 'ताऱ्यांची उत्क्रांती' रुळलेलं आहे. मी तुमच्या जागी असते तर शीर्षकात 'ताऱ्यांची उत्क्रांती' ठेवलं असतं आणि आत 'ताऱ्याचा जीवनक्रम', 'ताऱ्याच्या अवस्था' असं लिहिलं असतं.

बन्सन_बर्नर

रसायनाचं वाक्य माझ्याकडे द्या. "हायड्रोजन इज इव्हॉल्व्ह्ड" म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो, मुक्त होतो. बास. यात हळूहळू नाही, बदल नाही, काही नाही. परीक्षानळीत जस्ताचा तुकडा टाका, विरल सल्फ्युरिक आम्ल घाला, फसफसून बुडबुडे येतील, तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' आवाज होईल. ही क्रिया बघून "गॅस ग्रॅज्युअली चेंज झाला" असं कोणी म्हणेल का? तसंच "हीट इज इव्हॉल्व्ह्ड" म्हणजे उष्णता बाहेर पडते.

आणि हे जुनंपानं इंग्रजी नाही. पाण्याचं विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळवण्यावर जे संशोधन चालू आहे त्यात ऋणाग्रावर 'हायड्रोजन इव्हॉल्यूशन रिअॅक्शन' आणि धनाग्रावर 'ऑक्सिजन इव्हॉल्यूशन रिअॅक्शन' हेच शब्द आहेत. एकदा कोणीतरी त्याचं 'प्राणवायूची उत्क्रांती' केलेलं मी वाचलं होतं. लेख ऊर्जेवर होता आणि वाचताना मला वाटलं आता डायनोसॉर येणार.

पोथीनिष्ठ

वरच्या सगळ्या अर्थांचं गोत्र एकच आहे, म्हणून जरा मागे जातो. लॅटिन 'व्होल्व्हेरे' म्हणजे गुंडाळणे, फिरवणे, लोळवणे. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागला की 'इव्हॉल्व्हेरे', म्हणजे गुंडाळलेलं उलगडणे. रोमन लोक पुस्तक वाचत म्हणजे भेंडोळं उलगडत, त्या उलगडण्याला 'इव्होल्यूशियो' म्हणत. भेंडोळं ते 'व्होल्यूमेन', म्हणजे आजचा 'व्हॉल्यूम', ग्रंथाचा खंड. रिव्हॉल्व्ह, इन्व्हॉल्व्ह, डिव्हॉल्व्ह, सगळी त्याच घरातली भावंडं. स्वीडिश मोटारीचं नाव 'व्होल्व्हो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो'.

आता 'उलगडणे' हा अर्थ हाताशी ठेवा म्हणजे रसायनवाल्यांचा वायू आत दडलेला बाहेर का येतो ते कळेल. गणितातही तेच. एखाद्या वक्रावर ताणून गुंडाळलेला दोरा उलगडत नेला की दोऱ्याचं टोक जो वक्र काढतं तो इन्व्होल्यूट, आणि मूळचा वक्र त्याचा इव्होल्यूट. डच शास्त्रज्ञ हॉयगन्सने १६७३ साली लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथात हे मांडलं. सैन्याच्या आणि आरमाराच्या शिस्तबद्ध हालचालींनाही इंग्रजीत 'इव्हॉल्यूशन्स' म्हणतात: रांग उलगडायची, पसरायची, पुन्हा मिटायची.

गंमत पुढे आहे. अठराव्या शतकात जीवशास्त्रात हा शब्द आला तो आजच्या अर्थाच्या उलट. तेव्हा बऱ्याच विद्वानांचं मत असं की जीव आधीपासूनच चिमुकला, घडी घातलेला असा बीजात बसलेला असतो आणि वाढ म्हणजे ती घडी उलगडणं. आल्ब्रेख्ट फॉन हालर या स्विस शास्त्रज्ञाने १७४४ साली या उलगडण्याला 'इव्हॉल्यूशन' म्हटलं. म्हणजे नवं काही घडत नाही, होतं तेच दिसू लागतं! त्यामुळे डार्विनला हा शब्द फारसा वापरावासा वाटला नाही यात नवल नाही. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्हॉल्यूशन' हे नाम कुठेच नाही. तो 'डिसेंट विथ मॉडिफिकेशन' म्हणतो, म्हणजे बदल होत होत चालत आलेला वंश. 'इव्हॉल्व्ह्ड' एवढं क्रियापद मात्र आहे आणि ते ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द आहे. नाम आत शिरलं ते १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, तोवर हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने ते सर्वतोमुखी केलं होतं. स्पेन्सरचा अर्थ होता साध्याकडून गुंतागुंतीच्याकडे जाणं, आणि 'इव्हॉल्व्ह म्हणजे सुधारणे' हा जो वास शब्दाला आजही येतो त्याचा मोठा वाटा तिकडून आलेला आहे.

आता आपल्या शब्दाकडे. उत् अधिक क्रम्, म्हणजे बाहेर किंवा वर पाऊल टाकणे. संस्कृतात 'उत्क्रान्ति' म्हणजे निघून जाणे. ब्रह्मसूत्रांत तो शब्द जीवाने देह सोडून जाण्यासाठी आलेला आहे. म्हणजे शास्त्रीबुवांच्या दृष्टीने "तिचे विचार उत्क्रांत झाले" याचा अर्थ विचारांनी राम म्हटला. क्रांती, संक्रांती, अतिक्रमण हे सगळे त्याच धातूचे. तेव्हा इंग्रजीतला शब्द उलगडतो आणि आपला पाऊल टाकतो. दोघांची प्रतिमाच वेगळी, मग सगळ्या जागा जुळाव्यात तरी कशा?

सरळसोट

पोथीनिष्ठ, माहिती छान, पण लॅटिनमध्ये काय होतं यावरून आज काय लिहावं हे ठरत नाही. वर्तमानपत्रांत "खेळाडू म्हणून तो उत्क्रांत झाला" असं सर्रास येतं. वाचकाला कळतं. इंग्रजीत शब्दाचा अर्थ पसरला, मराठीतही पसरतोय. 'उत्क्रांत' स्वतःच उत्क्रांत होतोय म्हणा! संपादकांचं चुकलं कुठे?

दुभाष्या

सरळसोट, "वाचकाला कळतं" हे खरं आहे. पण त्याला कसं कळतं? तो मनात ते वाक्य इंग्रजीत उलटवतो आणि मग समजून घेतो. इंग्रजी येत नसलेल्याला "विचार उत्क्रांत झाले" म्हणजे काय ते विचारा. अनुवाद त्याच्यासाठी करायचा असतो.

मजकूरवाली, माझा सगळा दिवस अशाच मजकुरात जातो, त्यामुळे जरा लांबण लावतो. तुम्ही शब्दाला शब्द शोधताय आणि तिथेच अडताय. इंग्रजीत हळूहळूपणा 'इव्हॉल्व्ह' या क्रियापदाच्या पोटात असतो. मराठीत तो धातूत नसतो, त्याच्या शेपटीला असतो: '-त जाणे'. घडत गेली, बदलत गेला, रुळत गेलं, पक्की होत गेली. 'बदलला' आणि 'बदलत गेला' यांत जो फरक आहे तोच 'चेंज्ड' आणि 'इव्हॉल्व्ह्ड' यांत आहे. तो आपण रोज बोलतो, फक्त भाषांतराला बसलो की विसरतो आणि 'उत्क्रांत', 'विकसित', 'परिवर्तित' अशा तत्समांची फौज बोलावतो.

आणि ही एकच शेपटी नाही. कोणी मुद्दाम घडवत असेल तर '-त नेणे': "समितीने कार्यपद्धतीची घडी बसवत नेली." आजपर्यंतचा ओघ दाखवायचा असेल तर '-त येणे': "ही रूढी बदलत आली आहे." इंग्रजीला तिन्ही ठिकाणी 'इव्हॉल्व्ह' हा एकच शब्द आहे आणि कोण करतंय, कुठे उभं राहून बघतोय हे वाक्यावरून ताडावं लागतं. इथे आपल्याकडे जास्त आहे, कमी नाही.

त्यामुळे मी आधी विचारतो: कर्ता कोण? "लँग्वेजेस इव्हॉल्व्ह" यात कर्ता नाहीच, भाषा आपोआप बदलत जाते, कोणी ठरवत नाही. "द कमिटी इव्हॉल्व्ह्ड अ मेकॅनिझम" यात समिती कर्ता आहे. कार्यालयीन इंग्रजीला हा सकर्मक प्रयोग फार प्रिय: इव्हॉल्व्ह अ पॉलिसी, इव्हॉल्व्ह अ कन्सेन्सस. तिथे पुष्कळदा हळूहळूपणाही नसतो, एका बैठकीत ठरवलेलं असतं, फक्त 'मेड' म्हणण्यापेक्षा भारदस्त वाटतं म्हणून 'इव्हॉल्व्ह्ड'. तिथे 'धोरण आखले', 'एकमत घडवून आणले'. मोकळेपणाने साधं करावं. आणि "हळूहळू -त नेली" असं दोन्ही लिहू नका, शेपटीत हळूहळू आहेच.

"सिच्युएशन इज इव्हॉल्व्हिंग" हे बातमीदारांचं आणि अधिकाऱ्यांचं वाक्य आहे. अर्थ एवढाच की अजून काही निश्चित सांगता येत नाही. "परिस्थिती सतत बदलते आहे" किंवा "चित्र अजून स्पष्ट नाही". इथे '-त जाणे' नको, कारण ते मागे वळून बघतं आणि ही बातमी चालू आहे.

"तिचे विचार" हे वाक्य सगळ्यात अवघड, कारण तिथे शब्द राजकारण करतो. 'चेंज्ड हर माइंड' म्हटलं की मत फिरवलं, कोलांटी मारली असा वास येतो. 'इव्हॉल्व्ह्ड' म्हटलं की परिपक्वता आली. बराक ओबामांनी २०१० मध्ये समलिंगी विवाहाबद्दल आपलं मत इव्हॉल्व्ह होत असल्याचं सांगितलं आणि मे २०१२ मध्ये उघड पाठिंबा दिला. मधला काळ त्या एका क्रियापदाने सांभाळला: नाही म्हणायचं नव्हतं, हो म्हणायचं नव्हतं. मराठीत हा सावधपणा "माझे विचार बदलत गेले" मध्ये जवळपास येतो. "मत बदललं" मध्ये येत नाही आणि "उत्क्रांत झाले" मध्ये तर विनोद होतो.

मजकूरवाली

दुभाष्या, कार्यपद्धतीचं वाक्य लगेच बसलं. "घडी बसवत नेली" हे मला सुचायला हवं होतं, पण समोर इंग्रजी असलं की नाही सुचत.

मग 'विकसित होणे' पूर्ण बाद?

बायोवाल्या_बाई

माझ्या प्रकरणातून बाद. बाकीच्यांचं ते बघतील. एक मात्र सांगते, जीवशास्त्रात 'डेव्हलप' वेगळं आणि 'इव्हॉल्व्ह' वेगळं: भ्रूण डेव्हलप होतो, जाती इव्हॉल्व्ह होतात. दोन्हींना 'विकास' म्हटलंत तर भ्रूणविकास आणि उत्क्रांती एकत्र कालवाल, आणि पोथीनिष्ठांचा तो १७४४ चा गोंधळ मराठीत पुन्हा घडेल.

दुभाष्या

बाद नाही, पण तपासून. 'विकसित' मध्ये चांगल्याकडे जाणं गृहीत आहे. तंत्र, आराखडा, उपकरण यांना चालतं: "साध्या रेखाटनापासून हा आराखडा विकसित होत गेला." भाषेला चालत नाही, कारण आजची मराठी ज्ञानेश्वरांच्या मराठीपेक्षा विकसित आहे असं म्हणायला मी तरी धजणार नाही. ती बदलत आली आहे, एवढंच.

सरळसोट

ज्ञानेश्वरांना आणलंत म्हणजे वाद संपला. बरं, पण मग संपादकांना काय सांगणार? ते म्हणणार, एका शब्दाचे सात शब्द केलेत.

दुभाष्या

त्यांना सांगायचं की एकवाक्यता पारिभाषिक संज्ञेला हवी, साध्या क्रियापदाला नव्हे. जीवशास्त्रात 'इव्हॉल्यूशन' ही संज्ञा आहे, तिला पुस्तिकाभर 'उत्क्रांती' आणि दुसरं काही नाही. रसायनात ती वेगळी संज्ञा आहे, तिला नेहमी 'मुक्त होणे'. उरलेल्या जागी ती संज्ञाच नाही. 'गेट' या क्रियापदाला एकच मराठी शब्द द्या असा आग्रह तेही धरणार नाहीत. उलट 'उत्क्रांती' सगळीकडे शिंपडली तर जिथे तिचं खरं काम आहे त्या प्रकरणात ती बोथट होते. हा मुद्दा संपादकांना पटतो असा अनुभव आहे, कारण तो त्यांच्याच नियमाच्या बाजूने आहे.

मजकूरवाली

हे उद्याच्या मेलमध्ये जसंच्या तसं टाकते. कायद्याच्या प्रकरणात दोन जागा उरल्या आहेत. एक, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या ट्रॉप विरुद्ध डलेस खटल्यातलं 'इव्हॉल्व्हिंग स्टँडर्ड्स ऑफ डीसन्सी', म्हणजे क्रूर शिक्षा कशाला म्हणायचं ते समाजाच्या कसोट्यांबरोबर सरकतं असा मुद्दा. दुसरं, बालहक्कांच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रसंघीय करारातल्या पाचव्या कलमातलं 'इव्हॉल्व्हिंग कपॅसिटीज ऑफ द चाइल्ड'. आणि सरळसोटांनी विचारण्याआधी मीच विचारते, त्याच प्रकरणात 'डिव्हॉल्व्ह' पण आहे. ते 'इव्हॉल्व्ह'च्या उलट ना?

पोथीनिष्ठ

उलट नव्हे. 'डिव्हॉल्व्ह' म्हणजे खाली गडगडत येणे, त्यावरून अधिकार किंवा जबाबदारी खालच्या स्तरावर येणे. १९९८ च्या कायद्याने स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली ते 'डिव्होल्यूशन'. कायद्याच्या प्रकरणात असेल तर बहुतेक हेच: 'अधिकार सोपवणे'. "चर्चा डिव्हॉल्व्ह होऊन आरडाओरडा झाला" हा 'घसरत जाणे' असा अर्थही आज चालतो, तो मात्र वेगळा. वाक्य बघून ठरवा.

दुभाष्या

पहिल्याला "काळानुसार बदलत जाणारे सभ्यतेचे निकष". 'प्रगत होणारे' असं लिहू नका. मूळ निकालात समाज परिपक्व होत जातो असा आशय आहे, पण तो त्याच वाक्यात वेगळ्या शब्दांत आलेला आहे, तिथे त्याचं भाषांतर होईलच.

दुसऱ्याला "बालकाच्या वाढत जाणाऱ्या क्षमता". इथे बाईंची परवानगी गृहीत धरतो, कारण इथे एकच मूल आहे आणि ते खरंच वाढतंय. कलमाचा रोख असा की आईवडिलांनी मुलाला मार्गदर्शन करायचं ते त्याच्या वाढत्या समजुतीला धरून, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला जे मार्गदर्शन, ते पंधरा वर्षांच्याला नाही. 'विकसनशील क्षमता' अशा नमुन्याचं काही सुचलं तर तिथे लाल रेघ मारा, मूल म्हणजे देश नाही.

बायोवाल्या_बाई

परवानगी आहे. फक्त पोकेमॉन म्हणू नका.